ओढ आणि दिशा

शास्त्रीय विषयांवरील लोकप्रिय लेखनाचें परीक्षण करतांना आपल्याकडे सामान्यतः भाषा सुबोध आहे कीं नाहीं, एवढेंच पाहिलें जातें. विषय रंजक असावा, परिभाषा फार जड नसावी, आणि अखेरीस निसर्गाच्या अगाध लीलेपुढें वाचकानें मान लववावी, इतकें साधलें म्हणजे लेखक कृतार्थ झाला असें समजण्याची चाल आहे. आमच्या मतें ही कसोटी अपुरी आहे. ज्या लेखनाचा दावा सत्यकथनाचा आहे त्याला आणखी दोन प्रश्न विचारले पाहिजेत. लेखकानें योजलेला दृष्टान्त वस्तुस्थितीला धरून आहे काय? आणि जें सिद्ध झालें तें, व जें अद्यापि केवळ संभवनीय आहे तें, यांमधील रेघ त्यानें पुसून तर टाकली नाहीं ना?

हे दोन प्रश्न विचारून पाहण्यास पशुपक्ष्यांच्या चुंबकज्ञानाइतका योग्य विषय क्वचितच सांपडेल. पृथ्वी हा एक प्रचंड चुंबक आहे आणि त्याच्या आधारानें पक्षी, कासवें व मासे आपली वाट शोधतात, ही गोष्ट आतां मुलांच्या पुस्तकांतूनहि आली आहे. परंतु तिजविषयीं जें लिहिलें जातें त्यांतील बऱ्याच भागास दोन दोष जडलेले दिसतात. पहिला दोष दृष्टान्ताचा, दुसरा उतावळेपणाचा. या दोहोंचा विचार करणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

लोहचुंबक म्हटला कीं आपल्या मनांत पहिली कल्पना येते ती ओढीची. संस्कृतांत त्याचें नांवच अयस्कांत, म्हणजे लोखंडास प्रिय असा, असें आहे. कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’च्या दुसऱ्या सर्गांत ब्रह्मदेव देवांस सल्ला देतो कीं, शिवाचें समाधींत स्थिरावलेलें मन उमेच्या रूपानें ओढून घ्या, चुंबकानें लोखंड ओढावें तसें. त्या काळापासून आजच्या कादंबरीपर्यंत हा दृष्टान्त त्याच अर्थानें चालत आला आहे, आणि काव्यांत तो शोभतोहि. परंतु पाखरें उत्तरेकडे ‘ओढलीं जातात’, कासवास जन्मभूमीचा किनारा चुंबकासारखा ‘खेचून आणतो’, असें जेव्हां शास्त्रीय म्हणविणाऱ्या लेखांत वाचावयास मिळतें, तेव्हां तो अलंकार राहत नाहीं. ती चुकीची माहिती होते.

पृथ्वीचें चुंबकीय क्षेत्र कोणासहि कोणीकडे ओढून नेत नाहीं. ही गोष्ट कांहीं अर्वाचीन शोधाची नव्हे. लंडन येथें होकायंत्रें तयार करणारा रॉबर्ट नॉर्मन नांवाचा एक कारागीर होता. त्यानें आपल्या १५८१ सालच्या पुस्तकांत एक साधा प्रयोग वर्णिला आहे. चुंबकीय सुई बुचांतून आरपार घालावी, आणि सुईसह तें बूच पाण्याच्या मध्यभागीं तरंगत राहील, तळाशींहि जाणार नाहीं व वरहि येणार नाहीं, इतकें तासावें. सुई वळते, तिचें एक टोंक खालीं कलतें. परंतु ती उत्तरेकडे सरकत नाहीं आणि तळाकडेहि जात नाहीं. कारण उघड आहे. सुईच्या दोन्ही टोंकांवर सारखेच परंतु परस्परविरुद्ध जोर पडतात. म्हणून ती फिरते, हलत मात्र नाहीं. घरांतल्या चुंबकाला टांचणी चिकटते, कारण त्याचें बळ जवळ जास्त व दूर कमी असें झपाट्यानें बदलतें. पृथ्वीचें बळ सुईच्या लांबीभर जवळजवळ एकसारखेंच असतें. सारांश, पृथ्वी ओढ देत नाहीं, दिशा देते. दिशा मिळाल्यावर जावयाचें कीं नाहीं, व कोणत्या बाजूस जावयाचें, हें ज्याचें त्यानें ठरवावयाचें असतें. हा एक भेद ध्यानांत ठेवला तर या विषयावरील अर्ध्या गैरसमजुती आपोआप गळून पडतील.

हें क्षेत्र अतिशय दुर्बळ आहे, हेंहि येथेंच सांगितलें पाहिजे. भूपृष्ठावर त्याचें बळ सुमारें २५ ते ६५ मायक्रोटेस्ला भरतें. शीतकपाटाच्या दारावर कागद अडकविण्यास जो लहानसा चुंबक वापरतात त्याचें बळ जवळून मोजल्यास याच्या कितीतरी पट असतें. शिवाय हें क्षेत्र सर्वत्र आडवें नसतें. चुंबकीय ध्रुवांवर तें उभें, चुंबकीय विषुववृत्तावर आडवें, आणि मधल्या प्रदेशांत कमीजास्त कललेलें असतें. केरळांत थुंबा येथें १९६३ सालीं पहिला अग्निबाण सोडला गेला. ती जागा निवडण्याचें कारणच हें होतें कीं, चुंबकीय विषुववृत्त तिच्या जवळून जात होतें. तेथून उत्तरेकडे जावें तसतसें सुईचें उत्तर टोंक अधिकाधिक खालीं कलत जातें. हा कल पुढें आपल्या कामीं येणार आहे.

आतां पक्ष्यांकडे वळूं. पक्ष्यांना चुंबकाची जाणीव असावी असा तर्क रशियांतील प्रवासी व प्राणिशास्त्रज्ञ मिडेन्डॉर्फ यानें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यासच केला होता. परंतु तर्क आणि प्रमाण यांत अंतर असतें, आणि तें भरून निघण्यास शंभर वर्षें लागलीं. १९४७ सालीं येग्ली या अमेरिकन पदार्थविज्ञानशास्त्रज्ञानें कबुतरांच्या पंखांना चुंबक बांधून केलेले प्रयोग प्रसिद्ध केले, व त्यांवर एक मोठी उपपत्तिहि उभारली. इतरांनीं ते प्रयोग करून पाहिले तेव्हां त्यांना तसा पडताळा आला नाहीं, आणि विषय बदनाम झाला. त्याला पुन्हां प्रतिष्ठा मिळाली ती जर्मनींतील फ्रांकफुर्ट येथें. रॉबिन हा युरोपांतला नारिंगी छातीचा चिमुकला पक्षी. स्थलांतराचा हंगाम आला कीं पिंजऱ्यांतहि तो रात्रभर तळमळत असतो, आणि ज्या दिशेस जावयाचें तिकडेच पुनःपुन्हां उड्या मारतो. मेर्केल व व्हिल्च्को यांनीं त्याला बंद खोलींत ठेवलें, जेथें सूर्य नाहीं, तारे नाहींत, ओळखीची एकहि खूण नाहीं. तरी त्याच्या उड्या योग्य दिशेकडेच वळत. मग त्यांनीं पिंजऱ्याभोंवतीं तारांचीं वेटोळीं ठेवून विजेच्या प्रवाहानें क्षेत्राची दिशा फिरविली; पक्ष्याच्या उड्यांची दिशाहि त्याबरोबर फिरली. हें काम १९६५ च्या सुमारास प्रसिद्ध झालें.

१९७२ सालीं व्हिल्च्को पतिपत्नींनीं याहून सूक्ष्म गोष्ट दाखविली. क्षेत्राची आडवी दिशा कायम ठेवून त्यांनीं केवळ त्याचा कल उलटा केला, तों पक्षी उलट्या दिशेस उड्या मारूं लागले. याचा अर्थ असा कीं, या पक्ष्याचें होकायंत्र आपल्या होकायंत्रासारखें नाहीं. उत्तर कोणती व दक्षिण कोणती हें त्याला कळत नाहीं. क्षेत्राच्या रेषा कोणत्या बाजूस जमिनींत शिरतात एवढेंच कळतें, आणि त्यावरून ध्रुवाची बाजू कोणती व विषुववृत्ताची कोणती हें तो ओळखतो. सुमारें ७,८०,००० वर्षांपूर्वीं पृथ्वीच्या चुंबकाचीं टोंकें शेवटचीं उलटलीं. आमचीं होकायंत्रें त्या उलटापालटीनंतर सर्वस्वीं चुकीचीं ठरलीं असतीं. कलावर चालणारें होकायंत्र मात्र त्यानंतरहि खरीच वाट दाखवील.

याच सुमारास, १९७१ सालीं, अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत कीटन यानें कबुतरांचा जुना वाद निराळ्या रीतीनें सोडविला. चुंबक बांधलेलीं कबुतरें स्वच्छ उन्हांत बिनचूक घरीं येत. आभाळ भरून आलें असेल तेव्हां मात्र गोंधळत. म्हणजे सूर्य दिसत असला कीं कबूतर सूर्याचा आधार घेई, आणि चुंबकाच्या जाणिवेची गरज त्याला ढगाळ दिवशींच विशेष पडे. जुन्या प्रयोगांतील परस्परविरोधाचें एक मोठें कारण हातीं आलें. प्रश्न विचारणारानें आकाशाकडे पाहिलें नव्हतें. टीकाकाराच्या दृष्टीनें आम्हांस हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. येथें कोणाचीहि फजिती झाली नाहीं. केवळ प्रश्न नीट मांडला गेला, आणि तेवढ्यानें अर्धें उत्तर मिळालें.

इतकें सिद्ध आहे. पक्ष्यांस पृथ्वीच्या क्षेत्राची जाणीव होते, यांत आतां वाजवी संशयास जागा उरलेली नाहीं. परंतु ती कशी होते? ती जाणीव देणारें इंद्रिय कोठें आहे? येथून पुढें भूमि इतकी घट्ट नाहीं, आणि आमची तक्रार आहे ती लेखकांनीं या दोन भूमींमधील पायरी झांकून टाकण्याबद्दल.

इंद्रियाचा शोध अवघड कां, हें समजून घेतलें पाहिजे. डोळा उजेडाच्या वाटेवरच असावा लागतो. कान बाहेरच्या हवेशीं जोडलेला असावा लागतो. चुंबकीय क्षेत्राला मात्र कातडें व हाडें यांचा अडसर नाहीं. तें शरीरांतून सरळ आरपार जातें. त्याचें इंद्रिय शरीराच्या कोणत्याहि कोपऱ्यांत असूं शकेल. त्याला छिद्र नको, भिंग नको. तें एका जागीं गोळा झालेलें असण्याचीहि गरज नाहीं. चार कणभर पेशी कोठें तरी विखुरलेल्या असल्या तरी पुरे. गवताच्या गंजींत सुई शोधणें सोपें; येथें सुई कशी दिसते हेंच ठाऊक नाहीं.

एका सजीवापुरतें हें कोडें पूर्णपणें उलगडलें आहे, आणि तो सजीव अतिशय क्षुद्र आहे. १९७५ सालीं ब्लेकमोर यानें अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील खाजणाच्या चिखलांतले सूक्ष्म जंतु पाहतांना टिपलें कीं, ते थेंबाच्या एकाच बाजूस गोळा होतात, आणि चुंबक जवळ नेतांच आपली दिशा बदलतात. या जंतूंच्या शरीरांत मॅग्नेटाइट या लोहखनिजाच्या अतिसूक्ष्म स्फटिकांची माळ असते. ती माळ होकायंत्राच्या सुईसारखी क्षेत्राशीं समांतर होते, व तिच्याबरोबर सगळा जंतु वळतो. पोहण्याचें काम त्याचें स्वतःचें. उत्तर गोलार्धांत क्षेत्राच्या रेषा उत्तरेकडे खालीं उतरतात, म्हणून तेथले जंतु बहुतेक उत्तरेच्या रोखानें पोहतात. दक्षिण गोलार्धांतले बहुतेक त्याच्या उलट. दोघेहि पोंचतात तळाच्या चिखलाकडे, जेथें प्राणवायु कमी असतो व जो त्यांना मानवतो. मेलेला जंतुसुद्धां क्षेत्रांत वळतो. फक्त पुढें जात नाहीं. ओढ व दिशा यांमधील भेद याहून स्पष्ट रीतीनें निसर्गानें कोठें दाखविला असेल असें आम्हांस वाटत नाहीं. पण त्याबरोबरच हेंहि खरें कीं, या जंतूला दिशेचें ज्ञान होतें असें म्हणतां येत नाहीं. सुईला उत्तर कळत नाहीं. ती फक्त वळते. म्हणून जंतूच्या गोष्टीवरून पक्ष्याच्या इंद्रियाबद्दल निष्कर्ष काढणें हें घड्याळाच्या कांट्यावरून घड्याळ पाहणाऱ्या माणसाचें वर्णन करण्यासारखें आहे.

प्राण्यांच्या इंद्रियाविषयीं आज मुख्यतः तीन उपपत्ति मांडल्या जातात. पहिली हीच स्फटिकांची. प्राण्यांच्या शरीरांतहि मॅग्नेटाइट तयार होतो, हें लोवेनस्टाम यानें १९६२ सालीं चायटन नांवाच्या समुद्रकांठच्या कवचधारी प्राण्याच्या दांतांत दाखवून दिलें होतें. अशा स्फटिकांचा एखाद्या मज्जातंतूशीं संबंध असेल, तर स्फटिक वळला कीं तंतूवर ताण पडून मेंदूला वर्दी जाईल. कल्पना सोपी व समाधानकारक आहे. २००३ सालीं कबुतराच्या चोंचीच्या वरच्या भागांत लोहयुक्त पेशी सांपडल्या, आणि चुंबकेंद्रिय सांपडलें असें बहुतेकांनीं गृहीत धरलें. पुस्तकांत चित्रें आलीं, बाण काढून जागा दाखविल्या गेल्या. पुढें २०१२ सालीं व्हिएन्ना येथील कीज व त्याचे सहकारी यांनीं शेंकडों कापांखालीं त्याच चोंची पुन्हां तपासल्या. तेव्हां त्या पेशी मज्जातंतूंच्या नव्हत्याच. जुन्या रक्तपेशींतलें लोह गोळा करणाऱ्या, शरीराची झाडलोट व रक्षण करणाऱ्या त्या पेशी निघाल्या. त्यांची संख्याहि पक्ष्यागणिक कमालीची बदले. ज्याला इंद्रिय म्हटलें तें झाडूवाल्यांचें टोळकें ठरलें. उपपत्ति यानें मेली नाहीं, परंतु तिचा सर्वांत आवडता पुरावा गेला.

दुसरी उपपत्ति प्रकाशाची, आणि आज पक्ष्यांच्या बाबतींत तिचेंच पारडें जड आहे. तिची बीजकल्पना क्लाउस शुल्टेन यानें १९७८ सालीं मांडली, आणि २००० सालीं रिट्झ, आडेम व शुल्टेन यांनीं ती डोळ्यांतील क्रिप्टोक्रोम या प्रथिनाशीं जोडली. निळ्या प्रकाशाचा कण या प्रथिनावर पडला कीं एक इलेक्ट्रॉन आपली जागा सोडून दुसरीकडे जातो, व दोन ठिकाणीं दोन एकाकी इलेक्ट्रॉन उरतात. प्रत्येकाच्या अंगीं एक प्रकारची फिरकी असते. दोघांची फिरकी एकमेकींस जुळती कीं उलट, हें क्षणोक्षणीं बदलत असतें, आणि त्या बदलण्याच्या प्रमाणावर अत्यंत दुर्बळ क्षेत्राचाहि परिणाम होऊं शकतो. त्यावरून पुढील रासायनिक क्रिया किती घडेल हें ठरतें. असें असेल तर पक्ष्यास दिशा जणूं डोळ्यांनींच कळत असावी. हिच्या बाजूचीं प्रमाणें एकापाठोपाठ एक आलीं. तांबड्या प्रकाशांत रॉबिनची दिशा हरपते, हिरव्या-निळ्या प्रकाशांत ती टिकते. २००४ सालीं असें आढळलें कीं, अतिशय मंद रेडिओ लहरींनींहि ती बिघडते. स्फटिकाची सुई अशा लहरींनीं हलण्याचें कारण नाहीं. २००९ सालच्या एका प्रयोगांत चोंचीकडील मज्जातंतु कापलेले रॉबिन चुंबकानें दिशा ओळखीत राहिले. परंतु मेंदूचा दृष्टीशीं संबंध असलेला एक भाग निकामी केल्यावर त्यांची तेवढीच शक्ति गेली, सूर्य व तारे यांवरून दिशा ओळखण्याची शक्ति शाबूत राहिली.

२०२१ सालीं ओल्डेनबुर्ग व ऑक्सफर्ड येथील संशोधकांनीं रॉबिनचें हें प्रथिन परीक्षानळींत तयार करून त्यावर चुंबकाचा परिणाम होतो हें दाखविलें. कोंबडीच्या व कबुतराच्या तशाच प्रथिनाहून तें अधिक संवेदनशील निघालें. ही वार्ता आली तेव्हां अनेकांनीं कोडें सुटलें असें लिहून टाकलें. वस्तुतः त्या प्रयोगांतील क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राहून कितीतरी पटींनीं प्रबळ होतें, व प्रथिन पक्ष्याच्या डोळ्यांत नव्हतें. संशोधकांनीं आपल्या निबंधांत या मर्यादा सांगितल्या होत्या. त्या गळाल्या त्या वृत्तांतांतून.

तिसरी उपपत्ति विजेची. क्षेत्रांतून हालचाल करणाऱ्या वाहक पदार्थांत विद्युत् उत्पन्न होते, हें शाळेंत शिकविलें जातें. शार्क व पाकट यांसारख्या माशांस विजेचा अत्यंत मंद स्पर्शहि कळतो; तेव्हां खाऱ्या पाण्यांतून पोहतांना त्यांना क्षेत्राची जाणीव याच मार्गानें होत असणें शक्य आहे. कबुतराच्या कानाच्या आंतील द्रवांतहि असेंच कांहीं घडत असावें, असें २०१९ सालीं सुचविण्यांत आलें. ही कल्पना मुळांत एकोणिसाव्या शतकांतली आहे. ती पुष्कळ काळ अडगळींत पडून होती.

तीन उपपत्ति पाहिल्यावर वाचकाचा स्वाभाविक प्रश्न असा कीं, यांतली खरी कोणती? हा प्रश्नच दुसऱ्या दोषाचें मूळ आहे. गोष्टीला एक नायक हवा असतो. म्हणून लेखक एका इंद्रियाला सिंहासनावर बसवितो आणि बाकीच्यांना दरबाराबाहेर घालवितो. पण निसर्गानें गोष्टीचे नियम मान्य केल्याचें दिसत नाहीं. आफ्रिकेंतील जमिनीखालीं राहणारे एक जातीचे आंधळेसे उंदीर संपूर्ण काळोखांत चुंबकानें दिशा ओळखतात, आणि त्यांचें होकायंत्र रॉबिनसारखें कलावर चालत नाहीं, आपल्या होकायंत्रासारखें टोंकांवर चालतें. प्रकाशाची उपपत्ति तेथें लागू पडणें कठीण. समुद्रकासवांची गोष्ट तर याहून बोलकी आहे. लोहमान पतिपत्नींनीं फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावरील लॉगरहेड जातीचीं पिलें हौदांत सोडून अटलांटिकच्या निरनिराळ्या भागांतील क्षेत्र कृत्रिम रीतीनें निर्माण केलें, तेव्हां पिलें त्या त्या जागीं उपयोगी पडेल त्याच दिशेस पोहूं लागलीं. म्हणजे त्यांस क्षेत्रावरून केवळ दिशा नव्हे, ठिकाणहि कळतें. होकायंत्राबरोबर नकाशाहि आहे. २०२५ सालीं त्याच परंपरेंतील संशोधकांनीं दाखविलें कीं, रेडिओ लहरींनीं या कासवांचें होकायंत्र बिघडतें, पण नकाशा बिघडत नाहीं. एकाच प्राण्याच्या ठिकाणीं दोन निरनिराळ्या यंत्रणा असाव्यात, असें यावरून अनुमान निघतें. अर्थात् लॉगरहेडबद्दल जें दिसलें तें रत्नागिरी जिल्ह्यांतील वेळासच्या किनाऱ्यावर अंडीं घालणाऱ्या कासवांसहि तंतोतंत लागू आहे, असें लिहिण्याचा मोह मराठी लेखकानें आवरला पाहिजे. तीं कासवें निराळ्या जातीचीं आहेत.

या क्षेत्रांतील आम्हांस सर्वांत श्रेष्ठ वाटणारें लेखन नव्या शोधाचें नसून नकाराचें आहे. चीनमधील संशोधकांनीं एका लोहयुक्त प्रथिनाला सर्वांचें चुंबकेंद्रिय म्हणून पुढें आणल्यावर, २०१६ सालीं मार्कुस माइस्टर यानें केवळ पदार्थविज्ञानाचे हिशेब मांडून दाखविलें कीं, त्या प्रथिनांतील मूठभर लोहाच्या अणूंवर पडणारा जोर अपेक्षित परिणामास लागणाऱ्या जोराहून निदान एक लाख पटींनीं कमी पडतो. एकहि प्राणी न पकडतां, केवळ अंकगणितानें, एक मोठा मनोरा खालीं आला. दुसरें उदाहरण फळमाशीचें. २००८ सालीं असें प्रसिद्ध झालें होतें कीं, या माशीस चुंबकाची जाणीव होते व त्यासाठीं क्रिप्टोक्रोम आवश्यक आहे. पुढील कित्येक निबंध याच पायावर उभे राहिले. २०२३ सालीं ओल्डेनबुर्गच्या संशोधकांनीं तोच प्रयोग ९७,६५८ माशांवर, आणि दुसऱ्या एका जातीचा प्रयोग १०,९६० माशांवर करून पाहिला. चुंबकाचा परिणाम आढळला नाहीं. ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, हे संशोधक प्रकाशाच्या उपपत्तीचे विरोधक नव्हते. ओल्डेनबुर्ग हें तर तिचें माहेरघर. आपल्याच पक्षाला सोयीचा असलेला पुरावा लाखभर माशा मोजून रद्द ठरविणें याला आम्ही शास्त्रीय शील म्हणतों. अशा निबंधांचीं भाषांतरें कोणी करीत नाहीं, आणि मुलांच्या पुस्तकांत त्यांचीं चित्रेंहि येत नाहींत. ही खेदाची गोष्ट आहे.

ओल्डेनबुर्गचें नांव आलें तेव्हां तेथील आणखी एक हकीकत सांगणें प्राप्त आहे, कारण तिचा धागा आपल्या किनाऱ्यापर्यंत येतो. त्या विद्यापीठांतील रॉबिन कांहीं केल्या योग्य दिशा दाखवीनात. शेवटीं लांकडी झोपड्यांस आंतून ॲल्युमिनियमचे पत्रे ठोकून ते जमिनीशीं जोडले, तेव्हां पक्षी ताळ्यावर आले. शहरांतील विजेच्या उपकरणांतून निघणाऱ्या मंद लहरी त्यांना भुलवीत होत्या. सात वर्षें हा प्रयोग नाना रीतींनीं पडताळून २०१४ सालीं तो प्रसिद्ध झाला. आमच्या वाचकांस येथें कुलाब्याच्या वेधशाळेची आठवण व्हावी. तेथें १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाचीं मापें घेतलीं जात. मुंबईत विजेची ट्राम येणार असें ठरलें, तेव्हां तिच्या प्रवाहानें सुया बिघडतील हें ओळखून वेधशाळेचे अध्यक्ष नानाभाई मूस यांनीं हें काम खाडीपलीकडे अलिबागला हलविलें. तेथें लोखंड वर्ज्य करून इमारत बांधली, १९०४ पासून मापें सुरू केलीं, आणि जुन्या व नव्या जागेचा मेळ बसावा म्हणून दोन वर्षें दोन्हीकडे वेध चालू ठेवले. ट्राम १९०७ सालीं धांवूं लागली. १९६४ सालीं ती बंदहि झाली. अलिबागची वेधशाळा मात्र आपलें काम करीत आहे. सुईला त्रास होतो म्हणून माणसांनीं तिला गांव सोडून नेलें. पाखरांस मात्र शहर टाळून जाण्यास कोणी अलिबाग बांधून दिलेलें नाहीं. या विषयाशीं आपला व्यवहार काय, असें विचारणाऱ्यास हें उत्तर पुरेसें व्हावें.

शेवटीं घरची गोष्ट. उत्तरेकडे डोकें करून निजूं नये, असें आपल्या घरोघरीं सांगतात. या रूढीच्या मुळाशीं यमाच्या दक्षिण दिशेची व अंत्यविधीची कल्पना असेल. ज्यांस ती पाळावयाची त्यांनीं खुशाल पाळावी. परंतु अलीकडे सुशिक्षित मंडळी तिला शास्त्राचा मुलामा देतात. रक्तांत लोह आहे, पृथ्वीचा चुंबक तें डोक्याकडे ओढतो, म्हणून झोंप बिघडते, असें सांगितलें जातें. येथें पुन्हां तोच ओढीचा दृष्टान्त आडवा आला आहे. पृथ्वीचें क्षेत्र ओढीत नाहीं, हें आरंभींच सांगितलें. शिवाय रक्तांतलें लोह हें लोखंडाच्या किसासारखें नसतें. एकेक अणु प्रथिनांत बांधलेला असतो, आणि प्राणवायूनें भरलेलें रक्त तर चुंबकापासून किंचित् दूरच सारलें जातें. रुग्णालयांत एम्. आर्. आय्. यंत्रांत रोग्यास निजवितात. त्याचें क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या तीस हजार पटींहून अधिक असतें, तरी कोणाचें रक्त एका बाजूस गोळा होत नाहीं. माणसास चुंबकाची कांहीं जाणीव आहे काय, हा प्रश्न वेगळा आहे. १९८० सालीं मँचेस्टर येथें डोळे बांधलेल्या विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगांचा इतरांना पडताळा आला नाहीं. २०१९ सालीं कॅलिफोर्नियांत मेंदूच्या लहरींत क्षेत्राच्या फिरण्याबरोबर कांहीं जणांत फरक दिसला. पण त्यावरून माणसास दिशा कळते किंवा त्याची झोंप बिघडते असें कांहींच निघत नाहीं. रूढीला श्रद्धेचा आधार असेल तर तो प्रामाणिक आहे. शास्त्राचा खोटा आधार तिला दिला, तर श्रद्धा बळकट होत नाहीं आणि शास्त्रहि मलिन होतें.

आमचें म्हणणें इतकेंच. या विषयावर अवश्य लिहावें, मराठींत लिहावें, आणि रसाळ लिहावें. परंतु रॉबिनला दिशा कळते हें जितक्या ठामपणें लिहितों, तितक्या ठामपणें ती कशानें कळते हें लिहूं नये. कारण पहिलें प्रयोगानें स्थापित झालें आहे आणि दुसऱ्याचा निकाल अजून लागावयाचा आहे. निकाल न लागलेली गोष्ट नीरस असते ही समजूत चुकीची आहे. तीन उपपत्ति, त्यांचे पुरावे, आणि ते पुरावे पाडणारे कष्टाळू लोक, ही हकीकत जशी घडली तशी सांगितली तरी वाचक ती शेवटपर्यंत वाचील. त्याला अर्धवट उत्तरावर निजवून ठेवण्यापेक्षां खऱ्या प्रश्नापाशीं जागें ठेवणें, हें शास्त्रीय लेखकाचें काम होय.